चाळिसावं नाव

हल्ली जूनमध्ये आमच्या शाळेच्या फाटकापाशी पालक प्रवेशासाठी रांग लावतात. ती पाहिली की मला माझ्या नोकरीतला दुसरा जून आठवतो. सत्तरच्या दशकातल्या त्या सोलापुरात पालकांच्या दारात आम्ही शिक्षक उभे असायचो.

दुसरीच्या माझ्या तुकडीचा पट चाळीस झाला नाही तर तुकडी बंद होणार होती. शिक्षकांत सर्वांत नवा मीच, म्हणजे नोकरी माझी जाणार. पट एकोणचाळीसवर अडला होता. एका नावासाठी मी विणकरांच्या वस्तीतली सोळा घरं पालथी घातली. सतराव्या घराच्या उंबऱ्यावर एक बाई विड्या वळत होती आणि शेजारी तिची आठ वर्षांची मुलगी पानं कापत होती. मी शिक्षणाचे फायदे सांगायला लागलो. बाईनं मध्येच तोडलं.

"काय वो गुरुजी, आदी कदी दिसला न्हाईत. यंदाच लई माया आली पोरींची?"

मी खरं ते सांगितलं. "एक नाव कमी पडतंय. नाही मिळालं तर माझी नोकरी जाईल."

ती हसली. "आता खरं बोललात. न्या की. पन धाकटी हिच्यासंगं येनार. मी विड्या द्यायला कारखान्यात गेल्यावर तिला कोन बगनार?"

धाकटी दोन वर्षांची. बहिणीजवळ तरटावर बसून पाटीवरची पेन्सिल चघळायची.

पटाच्या तपासणीला येणारे साहेब हजर मुलंच धरायचे. तपासणीच्या दिवशी त्यांनी बोटानं डोकी मोजली, "चाळीस" म्हणाले आणि पेनचं टोपण काढलं. मी सकाळीच मोजलं होतं. एक मुलगी गैरहजर होती. चाळिसावं डोकं धाकटीचं होतं.

"साहेब, एक जास्त मोजलं गेलं," मी म्हणालो. "ती लहानगी पटावर नाही."

"म्हणजे एकोणचाळीस?"

"हो."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली. तेवढ्यात ती मोठी उठली.

"गुरुजी, न आलेली पोरगी आमच्या शेजारचीच हाय की. घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलीया. आनू?"

उत्तराची वाट न बघता धाकटीला माझ्या कडेवर देऊन ती पळाली. साहेबांचा चहा संपायच्या आत दोघी धापा टाकत हजर. शेजारच्या मुलीच्या केसांत सुताचे तंतू तसेच होते. साहेबांनी पुन्हा मोजलं, माझ्या कडेवरची वगळून. चाळीस भरले. त्यांनी आकडा लिहिला.

शाळा सुटल्यावर मी मुद्दाम त्या घरावरून गेलो. बाई उंबऱ्यावरच होती.

"भरला का आकडा?" विडी वळता वळताच तिनं विचारलं.

"भरला. तुमच्या मुलीमुळंच."

"मग आता शिकवा की तिला."