एकट्याने घेतलेला पन्हाळा

कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा वाटत होतं, आपल्याला पाहुणा म्हणून बोलावलंय. दुपारपर्यंत कळलं की शत्रू म्हणून बोलावलंय.

मी दौलताबादजवळच्या गावचा. इतिहास घेऊन बी.ए. झालो, घरातला पहिलाच. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो. कोल्हापुरातल्या काही मंडळींनी नवा गट काढलाय. त्या काळचे कपडे घालायचे, ढाल-तलवार घ्यायची आणि मध्ययुगातली लढाई होती तशी उभी करायची. त्यांच्या व्हिडिओखाली मी दोन चुका दाखवल्या, तर त्यांनी फोन करून बोलावूनच घेतलं.

स्टँडवर त्या गटातला दत्ता मोटारसायकल घेऊन आला होता. त्यानं आधी मिसळ खायला घातली. वर कट (आपण तर्री म्हणतो ती) ओतून म्हणाला, "पावणं, तुम्ही देवगिरीकडलं न्हवं?" अनोळखी माणसाला इथं सरसकट पावणं म्हणतात.

"हो, तिथलाच."

"मग झालं की काम!"

कसलं काम ते त्यानं सांगितलं नाही. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे मीही विचारलं नाही.

दोन्ही बाजूंना ऊस, पुढे वळणावळणाचा घाट, आणि मग पन्हाळ्याची काळी तटबंदी. गडाखालच्या माळावर दहा-बारा जण जमले होते. सगळ्यांची धोतरं, एकाच्या पायात मात्र पांढरे स्पोर्ट शूज. म्होरक्या सर्जेराव. कागलच्या एमआयडीसीत नोकरी करतो. बिनधारेच्या तलवारी त्यानंच सुट्टीच्या दिवशी घडवल्या. राजाही तोच. आठशे वर्षांपूर्वी पन्हाळा कोल्हापूरच्या शिलाहारांचा होता. देवगिरीच्या यादवांनी तो जिंकला आणि राजाला कैद केलं. गटाचा पहिला जाहीर प्रयोग त्याच लढाईचा होता.

"यादवांची फौज कुठंय?" मी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"कोल्हापुरात राहून कोल्हापूरच्या विरुद्ध कोण उभारतंय?" दत्ता म्हणाला. "एक बी तयार न्हाय. तुम्ही आयतं तिकडचं."

"एकट्यानं गड घेऊ?"

"घ्या की निवांत! गडबड न्हाय."

मग यादवांचं पागोटं कसं बांधायचं ते मलाच विचारलं. माहीत नाही, पुस्तकात दिलेलं नाही, असं मी सांगितलं. "अवो, तुमच्याच गावचं की!" म्हणून एकानं उपरणंच माझ्या डोक्याला गुंडाळलं. मी आलो कशाला, हेच मला समजेना.

तेवढ्यात राधानगरीहून एक वडाप (शेअर जीप) खच्चून भरून आली. सर्जेरावचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सासुरवाडी आलीया सगळी. त्यांच्यापुढं मी गुडघं टेकू? जरा बदला की शेवट."

"इतिहासात राजा हरलाय."

"इतिहासात सासू न्हवती बघायला!"

"मग याला यादव-शिलाहारांची लढाई म्हणू नका. खोटं दाखवायचं असेल तर मी परत जातो."

तो तलवार उचलून गड म्हणून ठरवलेल्या टेकाडावर जाऊन उभा राहिला.

ढोल वाजला. मी एकटाच चढू लागलो. वाटेतल्या शिलाहारांनी मरायचं ठरलं होतं, पण ते मरेनात. "एकट्याला बघून कसं मरायचं, आं?" पहिला कुजबुजला आणि नाइलाजानं आडवा झाला. त्याचं बघून बाकीचे पडले. वर सर्जेराव तलवार धरून उभा. खालून सासऱ्यांचा आवाज आला, "जावईबापू, हाणा त्येला!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्याची तलवार वर गेली. तो खरंच हाणणार, असं वाटून मी ढाल घट्ट धरली.

त्यानं तलवार खाली ठेवली आणि गुडघे टेकले.

मला पुढचं काही सुचेना. जिंकलेल्या माणसानं काय करायचं, याचा मी विचारच केला नव्हता. "धरा की मला," तो दातांतल्या दातांत म्हणाला. "कैद करायची हाय." मी त्याचा दंड धरून त्याला खाली आणू लागलो. सासूबाई आडव्या आल्या. आता काय ऐकवतात, म्हणून मी मान खाली घातली.

"पावणं, हळू धरा. गुडघा दुखतोय त्येंचा."

मग मी राजाला आधार देतच जीपपर्यंत नेलं. जेवताना सासरे मात्र माझ्याकडे पाठ करून बसले.

घरी पोचल्यावर वडिलांनी विचारलं, "मग? कोण जिंकलं?"

"आपण," मी म्हणालो.

"आपण म्हंजी कोण रे?"

देवगिरीच्या राजानं आमच्या वाडवडिलांतल्या कुणाला फौजेत घेतलं होतं, की नुसते दगड वाहायला लावले होते, मला ठाऊक नाही. ते कुठं वाचायला मिळालं नाही. वडील उत्तराची वाट बघत होते. पण 'आपण' हा शब्द मी मागे घेतला नाही, आणि अजूनही घ्यावासा वाटत नाही.