मंडळातले सगळे हजर

एकांत ही माणसाला लाभू शकणारी सर्वांत उन्नत अवस्था आहे, असं वाक्य मी तरुणपणी एका वहीत लिहून ठेवलं होतं. खाली दुहेरी रेघही मारली होती. गेल्या वर्षी एका रविवारी आडगाव नाक्याजवळच्या मंगल कार्यालयात ते वाक्य मला आठवलं. त्या वेळी मी अकरा प्लास्टिकच्या खुर्च्या राखत होतो. एकीवर मी, एकीवर रुमाल, एकीवर पाण्याची बाटली, दोन खुर्च्यांवर आडवी ठेवलेली छत्री, असं करत करत सामान संपलं तेव्हा उरलेल्यांवर मी नुसता हात पसरून ठेवला होता. आणि भोवती इतकी गर्दी होती की उन्नत अवस्थेला पाय ठेवायला जागा नव्हती.

ते रेडिओ श्रोत्यांचं संमेलन होतं. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फर्माईशीच्या कार्यक्रमात गाण्याआधी ज्यांची नावं वाचली जातात, ती माणसं खरोखर असतात. ती एकमेकांना वर्षानुवर्षं फक्त नावाने ओळखतात. काही जण वह्या ठेवतात: कोणत्या गावाहून कुणी कोणतं गाणं मागितलं, सोबत कोणाकोणाची नावं होती. एकट्याने कार्ड पाठवण्यापेक्षा मंडळाच्या नावाने पाठवलं की वाचलं जायची शक्यता जास्त, अशी त्यांच्यात एक श्रद्धा आहे. म्हणून जो तो मंडळ काढतो.

माझ्या बायकोचंही मंडळ होतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत आम्ही सव्वीस वर्षं राहिलो. मी शिफ्टमध्ये असायचो. रात्रपाळी करून आलो की दुपारी झोपायचो, आणि ती स्वयंपाकघरात ओट्याशी बसून रेडिओ इतक्या हळू लावायची की कान त्याला टेकवावा लागे. तिथेच ती कार्डं लिहायची. मंडळात अकरा सभासद होते. पहिलं नाव तिचं. उरलेले दहा तिने तयार केले होते. एक तिची शाळेतली मैत्रीण होती, जी पुढे कुठे गेली ते तिला माहीत नव्हतं. एक आमचा बोका होता. चौथं नाव आम्हाला मुलगी झाली असती तर ठेवायचं म्हणून तिने काढून ठेवलेलं होतं. मुलगी झाली नाही. नाव वाया जाऊ नये म्हणून तिने ते मंडळात घेतलं.

माझं नाव त्यात नव्हतं. घालू नको म्हणून मीच सांगितलं होतं. "कंट्रोल रूममध्ये लोक रेडिओ ऐकतात," मी म्हणालो होतो, "आणि ही असली गाणी." त्या काळात मी जाड पुस्तकं वाचत असे आणि त्यांच्या जाडीचा काही अंश आपल्याला लागला आहे अशी माझी समजूत होती. कधी संध्याकाळी ती चहा देताना म्हणायची, "आज लागलं."

"काय?"

"नाव."

"हं," मी म्हणायचो, आणि पान उलटायचो.

निवृत्तीनंतर आम्ही नाशिकरोडला फ्लॅट घेतला. तिथेही फर्माईशीच्या वेळेला मी वाचनालयात असायचो. म्हणजे इतक्या वर्षांत तिचं नाव रेडिओवर मी एकदाही ऐकलं नाही. ती जाऊन तीन वर्षं झाल्यावर, तिच्या नावाने संमेलनाचं निमंत्रण आलं. "आपले लाडके निवेदक खास उपस्थित राहून प्रत्येक जुन्या मंडळातील सभासदांची नावे पूर्वीप्रमाणेच वाचतील. ज्याचे नाव येईल त्याने उभे राहावे." मला एवढंच हवं होतं. त्या आवाजात तिचं नाव, एकदा. मग घरी जायचं.

निमंत्रणाची कुठली तरी आवृत्ती मोबाइलवर फिरत फिरत बरीच लांब गेली असावी. प्रवासात तिच्यातला रेडिओ गळून पडला आणि "संगीतप्रेमींसाठी मोफत जेवण" एवढंच शिल्लक राहिलं. तीनशे माणसांच्या सभागृहात किती होती ते मला सांगता येणार नाही, पण जिन्यावर लोक ताटं घेऊन आधीच उभे होते, आणि तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. "संयोजक" असा बिल्ला निदान चाळीस जणांच्या छातीवर होता, आणि ते सगळे एकमेकांना विचारत होते की संयोजक कुठे आहेत. आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलांची अक्षरं मंचावर तशीच होती. नवरानवरीच्या लाल मखमली सिंहासनांपैकी एकावर निवेदक बसले होते. बारीक चणीचा, स्वेटर घातलेला, थकलेला म्हातारा. दुसऱ्या सिंहासनावर पाण्याचे बॉक्स.

नोंदणीच्या टेबलावरच्या गृहस्थांनी माझं पत्र पाहिलं आणि ते उठून उभेच राहिले.

"एकलहरे! अहो, तुमच्या मंडळाशिवाय संमेलन कसलं? माझ्या वहीत अकराच्या अकरा नावं आहेत, क्रमाने. पण हल्ली कार्ड नाही बरेच दिवस?"

"नाही," मी म्हणालो.

"येतायत ना सगळे?"

मागे रांग होती. सगळ्यांचे कान आमच्याकडे होते. इतक्या लोकांसमोर तिचं पितळ उघडं पाडायला माझी जीभ रेटली नाही. "येतायत," मी म्हणालो. "मागून."

त्यांनी अकरा बिल्ले माझ्या हातात ठेवले आणि स्वतः वाट काढत मला तिसऱ्या रांगेत नेलं. संपूर्ण रांगेवर कागद चिकटवला होता: एकलहरे मंडळासाठी राखीव.

पुढचे दोन तास दीपप्रज्वलन आणि सत्कार झाले. सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले. एका मान्यवरांनी, आपल्याला रेडिओ ऐकायला वेळ मिळत नाही, हे वीस मिनिटं सांगितलं. माझ्या बाजूला भिंतीला टेकून लोक उभे होते आणि माझ्या खुर्च्यांकडे पाहत होते. उन्हाळ्यात सावलीकडे पाहावं तसं.

"काका," त्यांच्यातला एक आडदांड माणूस म्हणाला, "तुमची मानसं यायचीत का येऊन गेली?" तो आणि त्याचा भाऊ लासलगावच्या कांदा मार्केटात हमाल होते. गोण्या उतरवताना ट्रकच्या टपावर रेडिओ ठेवतात, असं त्याने नंतर सांगितलं.

"बस उशिरा आहे," मी म्हणालो.

"कोनती बस? एकलहऱ्याहून चालत निघाले असते तरी पोचले असते."

लोक हसले. पुढे उभ्या असलेल्या एक बाई मात्र हसल्या नाहीत. साठीच्या असतील. वणीला गडाच्या पायथ्याशी त्यांचं नारळ-हारांचं दुकान. त्या माझ्या हातातले बिल्ले वाचत होत्या.

"भाऊ, तुमी एकलहऱ्याचे?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता अकरा नावं म्हणून दाखवली. क्रमाने, एका दमात, आरती म्हणावी तशी. बोक्यासकट. "आमच्या दुकानात आमी दोघी जावा. तिसरं मानूस मंडळाला मिळालं नाय. मी जावेला म्हनायची, बघ, एकलहऱ्याला अकरा जनं एका जागी बसून रेडू ऐकतात. किती गंमत येत आसंल."

मी हातातले बिल्ले पुन्हा क्रमाने लावू लागलो.

"कुठं हायेत सगळी?"

त्यांना खोटं सांगणं मला जमलं नाही. कदाचित नावं त्यांना माझ्यापेक्षा चांगली पाठ होती म्हणून. "कुणी येणार नाही," मी म्हणालो. "तशी माणसंच नव्हती. माझ्या बायकोने लिहिली होती मनाने."

त्यांनी पहिल्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. "आन् पयली?"

"ती होती."

त्यांनी मान हलवली. मग छत्री उचलून माझ्या हातात दिली आणि बसल्या. "मंग नावं वाचल्यावर उठायचं कोनी? आवं, सगळ्या सभेला पाठ हायेत ती. कोनीच उठलं नाय तर बाईचं काय राहील?"

मी घरात असताना तिला सोबतीला दहा माणसं लागली, याचा विचार मी तोवर केला नव्हता असं नाही. केला होता, पण सुटसुटीत, पुस्तकातल्यासारखा. वणीच्या बाईंनी पाच मिनिटांत त्याची व्यवस्थाच लावली. हमाल भावांना दोन पुरुषांची नावं दिली. थोरल्याच्या वाट्याला बोका आला, ते मी त्याला सांगितलं नाही. भिंतीला टेकलेल्यांतले आणखी सात जण बोलावून त्यांना बिल्ले लावले आणि दरडावून नावं पाठ करून घेतली. चौथं नाव त्यांनी स्वतःकडे ठेवलं. "हे मला आवडायचं," त्या म्हणाल्या. "ल्हान पोरीचं आसंल आसं वाटायचं."

पहिला बिल्ला माझ्या हातात राहिला. मी तो खिशाला लावला आणि पहिल्या खुर्चीवर बसलो.

मंडळांची नावं सुरू झाली तेव्हा मला कळलं की लोक इतक्या गर्दीत का आले होते. तो थकलेला म्हातारा माइकसमोर आला आणि त्याच्या जागी दुसराच कुणी बोलू लागला. भरदार, सावकाश, प्रत्येक नावाला जरा बसायला जागा देणारा आवाज. मनमाड झालं, येवला झालं. माणसं उठत होती, डोळे पुसत होती. "आणि आता," तो आवाज म्हणाला, "एकलहरे."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात दिवे गेले. पंखे, कूलर, माइक, सगळं एकदम.

बाहेरच्या दुकानाचे दिवे मला दारातून दिसत होते, म्हणजे वीज गेली नव्हती. कार्यालयाचाच मेन स्विच पडला होता. दोन कूलर, स्पीकरच्या भिंती आणि मागे चहाचा मोठा इलेक्ट्रिक बॉयलर, एवढा भार त्या लाइनवर होता, हे आल्याआल्याच माझ्या लक्षात आलं होतं. जन्मभर तेच काम केलं. चाळीस संयोजक मोबाइलचे दिवे लावून एकमेकांच्या तोंडावर मारत होते. माइक नाही तर वाचन थांबणार, हे मी गृहीत धरलं. दुसरं कुणी स्विच शोधेपर्यंत जेवण सुरू होईल आणि नावं राहतील. आणि मला ते नाव त्या आवाजात ऐकायचं होतं, मंचावरच्या म्हाताऱ्याच्या बिनमाइकच्या आवाजात नाही.

"खुर्ची बघा," असं वणीच्या बाईंना सांगून मी उठलो.

स्वयंपाकघरामागच्या बोर्डापर्यंत पोचायला मला ताटं, पोरं, पातेली ओलांडावी लागली. बॉयलरची पिन काढली. आचारी ओरडला, "ओ आजोबा, चहा राहिला ना!" मी म्हणालो, "राहू द्या," आणि स्विच वर केला.

पंखे फिरले. भिंतीपलीकडून स्पीकर घुमला, आणि त्या भरदार आवाजात मला एक नाव ऐकू आलं. पाचवं. मग सहावं. मग बोक्याचं, जरा ठहराव घेऊन. मी बोर्डाला हात लावून उभा राहिलो आणि कधीच नसलेली सात माणसं एकामागून एक ऐकली. दर नावाला टाळ्या पडत होत्या.

आत आलो तेव्हा वणीच्या बाई तोंडावर पदर धरून बसल्या होत्या.

"जेवनाला उशीर होतोय म्हनून संयोजकांनी त्या निवेदकांना थांबू दिलं नाय वो," त्या म्हणाल्या. "तशीच वाचली, बिनमाइकची. मी दाराकडं बघत व्हते तुमच्यासाठी. तुमी काय येईनात. मंग पयल्या नावाला मीच उठले. चौथ्याला पन मीच. अंधारात कोनाला कळलं नाय."

"कसं वाचलं?" मी विचारलं.

त्यांनी आठवून पाहिलं. प्रामाणिक बाई होत्या. "वाचलं की," त्या म्हणाल्या. "जरा घाईत व्हते."

मी खिशाचा बिल्ला काढला. त्यांनी तो हात पुढे करून मागितला, जावेला दाखवायला. मी दिला. हमाल भाऊ जेवायला गेले होते, बाकीचेही पांगले होते. रांगेत पुन्हा रिकाम्या खुर्च्या झाल्या आणि त्या राखायचं आता काही कारण नव्हतं.

शेवटी बक्षिसं झाली. बाकी सगळ्या मंडळांतलं कुणी ना कुणी आलं नव्हतं, वारलं होतं किंवा मुलाकडे पुण्याला गेलं होतं. सर्व सभासद हजर असलेलं मंडळ म्हणून एकलहऱ्याला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यात सेल नव्हता.