हातांपायी सुटलेली सर्जरी

“कॉन्टॅक्ट डर्मटायटिस आहे. सर्जरीचा नाद सोडा,” त्वचारोगाच्या मॅडम म्हणाल्या. म्हणजे एखादी वस्तू वारंवार लागून कातडीला होणारा दाह. माझ्या बाबतीत ती वस्तू होती ऑपरेशनआधी हात धुण्याचं औषध. मी धुळ्यात सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. ऐकल्याबरोबर मनात आला तो सुरेश. आता माझ्या सगळ्या केसेस त्याला मिळणार!

सुरेश माझ्याबरोबरचा रेसिडेंट, यावलकडचा.

उन्हाळ्यात बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली होती. पुढे भेगा पडल्या. घाण राहत असेल म्हणून मी पाचऐवजी दहा मिनिटं ब्रशने घासायला लागलो. सर्जरीचे आमचे सर खूश! “अनिलसारखे हात धुवा,” असं ज्युनियरना सांगायचे. आणि मी माझीच कातडी सोलत होतो. तुमचं असं काही होत असेल तर लपवू नका. मी लपवलं.

मग एका हर्नियाच्या वेळी माझ्याच्याने गाठच बसेना. बोटं वाकत नव्हती. सरांनी दोरा काढून घेतला आणि सुरेशला दिला. दुसऱ्या दिवशी राऊंडला तो दोंडाईच्याचा म्हातारा पेशंट त्यालाच म्हणाला, “भाऊ, तुमना हात भलता हलका शे.” मी शेजारी केसपेपर धरून उभा. नुसता जळफळाट झाला. ह्याला आठवडाभर तरी ताप यावा, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

मग मॅडमना हात दाखवले आणि मी भूलशास्त्राकडे वळलो; तिथे तसे घासून हात धुवावे लागत नाहीत. हात दोन महिन्यांत बरे झाले, मन नाही. पेशंटच्या उशाशी बसून सुरेशची बोटं बघायचो आणि घरी येऊन संध्यावर, माझ्या बायकोवर, चिडायचो.

पुढच्या वर्षी संध्याचंच अपेंडिक्स दुखायला लागलं. सर गावाला गेलेले, त्यामुळे ऑपरेशन सुरेशच करणार होता. भुलीच्या मॅडमनी स्पायनल दिलं, म्हणजे पाठीत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं. संध्या जागी होती, थरथरत होती. मी मात्र सवयीने पडद्यावरून सुरेशच्या हातांकडे बघत होतो.

तो मान वर न करताच म्हणाला, “अनिल, मना हात अडकेल शेतस. तुना मोकळा शेतस ना? वहिनीना हात धर!”

माझे हात मोकळेच होते. मी तिचा हात धरला. तिने तो असा आवळला, की मला खाली वाकावंच लागलं. सुरेशचा हेवा मला आजही वाटतो. पण अपेंडिक्स कधी निघालं, ते मी पाहिलंच नाही.