बकरी पळवणारे यंत्र

नळदुर्गात संगणक जुळवून विकणारे एक गृहस्थ आहेत. गिऱ्हाईक बोलत असताना ते ब्रशने कळफलक झाडत राहतात, तोंडाकडे पाहत नाहीत. असा उद्धटपणा मी अन्यत्र लेखी तक्रारीशिवाय सोडलेला नाही.

माझ्या सुनेला घरबसल्या बालकथांची कार्टून करण्याचे काम मिळण्याचा संभव होता. पळणाऱ्या बकरीचा नमुना सोमवारी पाठवायचा होता आणि घरचा लॅपटॉप दर चार चित्रांनंतर बंद पडत होता. तिला आणि तिचा अर्धवट नमुना घेऊन मी या दुकानात गेलो, रंगीत दिव्यांचे महागडे यंत्र निवडले आणि लेखी हमी मागितली.

"लाइटीनं बकरी पळत न्हाय, काका."

त्यांनी सुनेला कुठल्याशा कचेरीतून आलेल्या जुन्या यंत्रापुढे बसवले. "ताई, पळवा." बकरी अडखळली. त्यांनी मेमरी वाढवली, पुन्हा अडखळली. मग जुनी डिस्क काढून नवी बसवली. तिसऱ्या खेपेस बकरी न थांबता पडद्यापार गेली.

"हेच न्या. लई झालं."

पावतीखाली त्यांनी, मी न मागता, स्वहस्ते लिहिले: पंखा आवाज करतो. पडदा पिवळट आहे, रंग मोबाइलवर तपासूनच पाठवावेत. खाली सही केली.

स्वतःविरुद्धचा इतका स्वच्छ कबुलीजबाब मला कोणत्याही कार्यालयाने आजवर दिलेला नाही.

"हा कागद मी ग्राहक मंचात दाखल करू शकतो," मी त्यांना बजावले.

"करा की. पण आदी ताईला घरी सोडा. सोमवारला दोनच दिस हायत."

मी रिक्षा बोलावली.