देवघराखालचा चोरकप्पा

आईने मोतीबिंदूचे ऑपरेशन दोनदा पुढे ढकलले होते. उजव्या डोळ्याने तिला बसचा नंबरही वाचता येत नव्हता. तरी सिंगापुरातल्या तोआ पायोहमधला माझा फ्लॅट रिकामा सोडून, मागे सोन्याच्या पाटल्या ठेवून नोव्हेनाच्या हॉस्पिटलात जायला ती तयार नव्हती.

"एवढं सुरक्षित शहर आहे, आई."

"चोराला काय, शहरात शिरायला पास लागतो?"

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला अडचण दिसली की उपकरण सुचते. सुटीच्या दिवशी भाड्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन मी सागवानी देवघर केले आणि त्याच्या बैठकीत चोरकप्पा बसवला. बाहेरून ना कडी, ना मूठ. आत स्प्रिंग आणि लोखंडी खिटी. वर ठरावीक कोपऱ्यात चुंबक ठेवले की खिटी उचलली जाई आणि कप्पा पुढे येई. ते चुंबक मी आईच्या चांदीच्या कोयरीच्या बुडाला चिकटवले. देवघरातल्या कोयरीवर कोण संशय घेणार? रचनेवर मी बेहद्द खूश होते. पाटल्या आत गेल्या, ऑपरेशनची तारीख ठरली.

मग चैत्रातले हळदीकुंकू आले. कोयरी एका जागी राहत नाही, हातोहात फिरते, हे मी लक्षातच घेतले नव्हते. बुकित पंजांगहून आलेल्या एका काकूंनी आईला उलट कुंकू लावले, कोयरी नेमकी त्याच कोपऱ्यावर टेकवली आणि कप्पा खट्कन बाहेर आला.

"अगंबाई! देवाखाली लॉकर?"

आईने तो लोटून विषय बदलायला हवा होता. ती म्हणाली, "माझ्या लेकीनं स्वतःच्या हातानं केलंय. थांबा, परत दाखवते."

तिने प्रत्येकीला दाखवले. एकीने काढलेला व्हिडिओ पन्हे संपायच्या आत बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचला.

पाहुण्या गेल्यावर आई गंभीर झाली. "आता सगळ्यांना कळलं. मी काही घर सोडून येत नाही."

"कळलं कुणामुळे?"

"तू एवढं छान केलंस, आणि मी दाखवायचं नाही?"

 मला भरपूर वैताग आला. तारीख पुन्हा बदलायला मी साफ नकार दिला.

ऑपरेशनच्या सकाळी ती मुकाट्याने निघाली, तेव्हा आपण जिंकलो असे मला वाटले. हॉस्पिटलात नर्सने दागिने काढायला सांगितले आणि आईच्या स्वेटरच्या बाह्यांतून दोन्ही पाटल्या निघाल्या. सिंगापूरच्या उकाड्यात ती स्वेटर का घालते आहे, असा साधा प्रश्नही मला पडला नव्हता.

"पर्समध्ये नको. हातात घाल."

उजवा हात लॅपटॉपसाठी मोकळा हवा म्हणून मी दोन्ही डाव्या हातात चढवल्या आणि ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा बंद ठेवला.

तिला बाहेर आणले तेव्हा उजव्या डोळ्यावर पट्टी होती. ऑपरेशन उत्तम झाल्याचे डॉक्टर मला समजावत होते. आई डाव्या डोळ्याने माझे मनगट न्याहाळत होती.

"दोन्ही एकाच हातात? असं कुणी घालतं का गं?"