‘प्लांट बंद’ नावाचा पत्ता

चौथ्या शिफ्टला चौघेही मेले आणि गायकवाड हसत सुटला.

“मॅडम, सलग सहावा डाव. आपली कंपनी पत्त्यातपण बुडाली!”

मेले होते ते पत्त्यांतच. कँटीनच्या वरच्या हॉलमध्ये टेबलाभोवती चार ऑपरेटर बसले होते आणि मी शेजारी वही घेऊन. दोन हजारचं दशक नुकतं सुरू झालं होतं. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी ट्रेनिंग ऑफिसर होते. सेफ्टीचं ट्रेनिंग म्हणजे तेव्हा जेवणानंतर दोन तास स्लाइड दाखवायच्या. पहिल्या दहा मिनिटांत मागची रांग झोपायची, विसाव्या मिनिटाला मलाच जांभया यायच्या. मग मी पत्त्यांचा खेळ तयार केला.

बदाम सातमध्ये एक जण सुटतो आणि बाकीचे अडकतात. माझ्या खेळात एकट्याने सुटायची सोयच नव्हती. चौघांची मिळून एक गड्डी, आणि समोर संकटांची लाल गड्डी. लाल पत्ता उघडला की ‘जोड गळतोय’, ‘पंप तापला’ असं काहीतरी निघायचं आणि पुठ्ठ्यावरच्या दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा वर सरकायचा. चौघांनी आपापल्या हातातले पत्ते टाकून तो खाली आणायचा. काटा दहावर गेला की खलास. टिकून राहिलात आणि ठरलेला मालही काढलात, तर शिफ्ट जिंकली. अशा पाच शिफ्टचा एक डाव.

पत्ते छापून आणले उल्हासनगरच्या एका प्रेसमधून. तिथले सिंधी मालक पहिलं प्रूफ बघून हळहळले. “मॅडम, राजा नहीं, रानी नहीं, जोकर भी नहीं. ये पत्ता खेलेगा कौन?” पण लॅमिनेशन झकास करून दिलं.

खरी गंमत होती अपग्रेडची. शिफ्ट जिंकली की टीमला एक चंदेरी स्टिकर मिळायचा. तो कुठल्याही एका पत्त्यावर लावायचा, की तो पत्ता पुढच्या शिफ्टपासून जास्त जोरदार. ‘गॅस्केट बदला’ या पत्त्याने काटा एक घर उतरायचा. गॅस्केट म्हणजे दोन पाइपांच्या जोडात बसवायची चकती. स्टिकर लावला की काटा दोन घरं उतरायचा. ‘प्लांट बंद’ हा सगळ्यात मोठा पत्ता. तो टाकला की काटा थेट शून्यावर, पण मालाचे तीन गुण कापले जायचे. त्यावर स्टिकर लावला तर एकच गुण जायचा.

आता स्टिकर लावायचा कुठे? गायकवाडची टीम दर वेळी ‘गॅस्केट’वर लावायची. त्यात तसं चूक काही नव्हतं. गॅस्केटचे पत्ते गड्डीत भरपूर, त्यामुळे ते सारखे हातात यायचे आणि प्रत्येक वेळी थोडा फायदा दिसायचा. पण पत्ता किती वेळा कामाला येतो यापेक्षा तो नेमका कुठल्या प्रसंगी कामाला येतो, हे बघायचं असतं. पहिल्या तीन शिफ्टमध्ये लाल पत्ते एकेकटे येत. चौथ्या शिफ्टला दोन एकदम उघडत, काटा एका दमात सहा घरं चढे आणि तिथे गॅस्केटची दोन घरं कुठे पुरणार? मी वहीत डाव मांडून ठेवले होते. ‘प्लांट बंद’ अपग्रेड केला आणि दोन-तीन फालतू पत्ते काढून गड्डी हलकी केली, म्हणजे तो पत्ता लवकर हातात येईल, तर टीम बहुतेक वेळा पाचवी शिफ्ट पार करायची. नाही केला तर चौथीत मेलीच.

आणि गंमत म्हणजे पत्ता त्यांच्या हातात असायचा. त्या सहाव्या डावातही गायकवाडच्या हातात ‘प्लांट बंद’ होता. त्याने टाकला नाही.

“का नाही टाकलात?” मी विचारलं.

त्याने पत्ता उलटसुलट करून पाहिला. “मॅडम, बंद केला की परत चालू करायला सहा तास. मग वरून मेमो. खेळात मेमो नाय, ते कळतं मला. पन हातच जात नाय तिकडं.”

बाकी तिघे हसले. मी हसले नाही, कारण कंपनीच्या नियमपुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं: धोका दिसला की कोणताही कामगार प्लांट थांबवू शकतो. परवानगीची गरज नाही. माझा पत्ता त्या वाक्यावरूनच बेतलेला होता. प्रत्यक्षात आधी शिफ्ट इनचार्जना विचारायचं, ते हो म्हणाले तरच बटण दाबायचं, ही रीत. कुठे लिहिलेली नव्हती, पण पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला कळायची.

मी हट्टाला पेटले. पुढचे दोन आठवडे त्यांना ‘प्लांट बंद’च अपग्रेड करायला लावला. आणि एका गुरुवारी ते पाचही शिफ्ट जिंकले. गायकवाड उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. हे बुद्धविहाराच्या कमिटीतले, पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ, आणि त्या दिवशी खाली जाताना जिन्यावर शीळ घालत होते. मला वाटलं, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मी खरं ट्रेनिंग दिलं.

महिनाभराने सकाळच्या शिफ्टला त्याच्या रिअॅक्टरच्या, म्हणजे रसायनं तयार होतात त्या बंद टाकीच्या, खालच्या जोडातून बारीक वाफ यायला लागली. गायकवाडने कुणालाही न विचारता लाल बटण दाबलं. जोड उघडल्यावर गॅस्केट चिरलेली निघाली. त्याचं बरोबरच होतं. कुणाला इजा झाली नाही. सहा तास माल निघाला नाही आणि संध्याकाळी त्याला मेमो मिळाला.

मी तडक करंदीकर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते आमचे प्लांट मॅनेजर. ओरडणारा माणूस नव्हे. चहा मागवला.

“साहेब, त्याने नियमाप्रमाणे केलं.”

“मान्य आहे ना. मेमो फॉर्मॅलिटी आहे. पण उद्या प्रत्येक जण वाफ दिसली की बटण दाबत सुटला तर?” त्यांनी ड्रॉवरमधून माझी गड्डी काढली. त्यांनी ती नीट अभ्यासली होती, याचंच मला जास्त वाईट वाटलं. “तुमचा हा पत्ता जास्त स्ट्राँग झालाय. एकाच पत्त्यावर गेम जिंकता येत असेल तर गेम डिझाइनमध्ये फॉल्ट आहे. बॅलन्स करा.”

“म्हणजे?”

“इनचार्जची परवानगी घ्यायची. पत्ता टाकायची एक पाळी परवानगीत जाईल, मग पत्ता लागू. रिअॅलिस्टिक होईल.”

“नियमपुस्तकात तसं नाहीये.”

“खेळ आहे हो. पुस्तक कुठे बदलतोय आपण?”

माझं कॉन्ट्रॅक्ट दर वर्षी रिन्यू व्हायचं आणि सही त्यांची लागायची. हे कारण मी तेव्हा स्वतःला सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं ते हे, की खेळ आहे, खेळाचं काय मनावर घ्यायचं.

बदल छापायच्या आधी मी घरी चारही हात स्वतःच घेऊन खेळून पाहिलं. हे माझं कामच होतं. चौथ्या शिफ्टला दोन लाल पत्ते उघडायचे, मी परवानगीची पाळी घ्यायचे आणि त्याच पाळीत तिसरा लाल पत्ता यायचा. एकदाही वाचले नाही. स्टिकर लावा, गड्डी हलकी करा, काहीही करा, तो पत्ता आता कचरा होता. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी उल्हासनगरला फोन करून नवा पत्ता छापायला सांगितला.

नव्या गड्डीवर गायकवाडची टीम तीन महिने खेळली. पहिल्या दिवशी त्याने पत्त्यावरची नवी ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं आणि स्टिकर ‘गॅस्केट’वर लावला. मला त्याच्या नजरेला नजर देता आली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच घडलं. पुन्हा सकाळची शिफ्ट, पुन्हा तोच रिअॅक्टर, पण या वेळी वाफेचा जोर मोठा. गायकवाडने इनचार्जना फोन लावला, ते मीटिंगमध्ये होते. तो धावत ऑफिसपर्यंत गेला, परवानगी घेतली, धावत परत आला. तेवढ्यात जोड पुरता सुटला होता. आत दोन हेल्पर होते. त्याने त्यांना बाहेर ढकललं, बटण दाबलं आणि व्हॉल्व्ह हाताने आवळायला थांबला. जोडातून सुटलेल्या वायूने त्याची फुप्फुसं भाजली. माणूस जगला, पण दहा पावलं चालला की भिंतीला धरून उभा राहायचा.

चौकशी कमिटी बसली. प्रश्न एकच होता: वेळेत प्लांट का थांबवला नाही? गायकवाडची नोकरी जाणार होतीच, शरीराने ती घालवली होती. राहिला होता तो ठपका. तो कुणावर येणार, एवढंच ठरायचं होतं.

माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी करंदीकर साहेबांनी मला बोलावलं. “पहिली गड्डी आहे ना तुमच्याकडे? ती घेऊन या. आणि त्या बॅचचं हजेरीपत्रक.”

“पहिली?” मी विचारलं.

“हो. नियमपुस्तकाप्रमाणे असलेली.”

मी ती नेली. कमिटीसमोर टेबलावर ‘प्लांट बंद’ ठेवला गेला, जुना, परवानगीची ओळ नसलेला. शेजारी हजेरीपत्रक, त्यावर गायकवाडची सही. कमिटीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, “म्हणजे परवानगीशिवाय थांबवता येतं, याचं ट्रेनिंग त्यांना मिळालं होतं?”

“हो,” मी म्हणाले.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दुसरी गड्डी माझ्या पर्समध्ये होती. घरून निघताना मुद्दाम टाकली होती, दाखवायची म्हणून. मेमोही फाइलमध्ये कुठेतरी असणार. मी पर्सच्या चेनवर हात ठेवून बसले होते. विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. निष्कर्ष आला: पुरेसं ट्रेनिंग मिळूनही ऑपरेटरने वेळेत कृती केली नाही.

महिन्याभराने मी अंबरनाथ पश्चिमेला त्याच्या घरी गेले. तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. बायकोने पाणी आणून दिलं आणि आत गेली, परत बाहेर आली नाही.

“मॅडम, दुसरा पत्ता दाखवला का त्यांना?” त्याने विचारलं. वाक्य संपवायला त्याला मध्ये थांबावं लागलं.

“नाही.”

“राहिला असंल घाईत,” तो म्हणाला. त्याने माझ्यासाठी कारणही शोधून दिलं होतं. त्यापेक्षा त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मान हलवली. तिथेही खरं बोलले नाही.

माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. पुढे मी इतर कंपन्यांमध्येही बरीच वर्षं ट्रेनिंग दिलं. एक गोष्ट मात्र नेहमी करत आले. ‘धोका दिसला की थांबवा’ असं कुणालाही शिकवायच्या आधी मॅनेजरला विचारायचं: इथे थांबवल्याबद्दल कधी कुणाला मेमो मिळालाय का? मिळाला असेल तर स्लाइड दाखवा नाहीतर पत्ते खेळवा, काही उपयोग नाही. समोर बसलेल्या माणसांना ते आधीपासून ठाऊक असतं. मला ते कळायला गायकवाडची फुप्फुसं खर्ची पडली.