गोणीतले बटाटे

बायको गेली आणि किल्लीवाल्याच्या घरात दोनच माणसं उरली, तो आणि त्याची सासू. म्हातारीला जेमतेम उजेड-अंधार कळायचा. लेक गेल्यापासून तिनं अंथरूण धरलं होतं आणि तोंडाला कुलूप लावलं होतं. गावभरची कुलपं उघडणाऱ्या जावयाला तेवढं एक उघडेना.

एकदा ओट्याखालच्या टोपलीत त्याचा हात गेला. बायकोनं आणलेले बटाटे तिथंच सुरकुतले होते. त्यांना लांबलचक, फिकट मोड आले होते. शिजवायला हात धजेना, फेकायला जीव होईना. शेवटी त्यानं ते गॅलरीत लावले. कुठं जगतील याचा भरवसा नव्हता, म्हणून काही गोणीत, काही रंगाच्या रिकाम्या डब्यात, काही जुन्या बादलीत, तर उरलेले नुसत्या पेंढ्याखाली.

पाला वर आला. खोडांना मातीची भर द्यायची तो रोज विसरायचा. पण संध्याकाळी दुकानातून येऊन पाहावं, तर माती ओढलेली आणि हलक्या हातानं थापटलेली. बायको उशी थापटायची, अगदी तशी. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाहेरचं कुणी आत येणं शक्य नव्हतं. दाराचं कुलूप त्यानंच बसवलं होतं. शेजारणीला विचारलं, तर ती चाचरत म्हणाली की दुपारी आतून बाईमाणसाचा आवाज येतो, हुबेहूब तुमच्या बायकोसारखा.

दुसऱ्या दिवशी तो भर दुपारी घरी आला आणि त्यानं दार हळूच उघडलं. कुजबुज खरंच ऐकू येत होती. तोच आवाज. पाय ओढत तो गॅलरीपर्यंत गेला.

गोणीपाशी सासू बसली होती. कोपरापर्यंत हात मातीत घालून ती लेकीला सांगत होती, की तुझा नवरा धड जेवत नाही.

"आई," तो कसाबसा म्हणाला.

ती दचकली नाही. "जरा बाजूला व्हा, जावईबापू. तिच्या अंगावर सावली पडतेय."

तो बाजूला झाला.

पाला पिवळा पडल्यावर दोघांनी सगळं उकरलं. बादलीला भोकं पाडायची राहिली होती, तिथं सगळं कुजलं होतं. डब्यात गोट्यांएवढे निघाले, पेंढ्यातले उजेड लागून हिरवे पडले होते. गोणीनं मात्र हात दिला. म्हातारीनं एकेक बटाटा गालाला लावून पाहिला आणि उकडायला सांगितलं.

दोघं जेवायला बसले. मागं गॅलरीचं दार किलकिलं झालं. तो लावायला उठला, तसा तिनं त्याचा हात धरला.

"राहू द्या," ती म्हणाली.